वेळेचे वाद्य

अफझलगंजात राहणाऱ्या माणसाला शांततेची सवय होत नाही. पहाटे बाजारात हातगाड्यांची खडखड सुरू होते, थांब्यावर बसगाड्यांचे भोंगे वाजू लागतात, मशिदीतील अजान आणि देवळातील घंटा एकमेकींच्या पाठोपाठ ऐकू येतात, आणि नयापुलावरून मुशी ओलांडणाऱ्या वाहनांचा घोष रात्रीपर्यंत चालू राहतो. या कोलाहलात वाढलेल्या माणसाचा कान मात्र एका बाबतीत तयार होतो. कोणता आवाज नुसता आवाज आहे आणि कोणता आवाज आपल्याला काही सांगू पाहत आहे, हे तो चटकन ओळखतो. या दुसऱ्या प्रकारच्या आवाजाविषयी, आणि त्यातही जेथे माणसे करमणुकीसाठी जमतात तेथे वेळापत्रकाने वाजविल्या जाणाऱ्या संगीताविषयी, आम्हांला येथे चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय किरकोळ वाटेल. परंतु गेल्या वर्षभरात तो आमच्यापुढे अशा रीतीने येऊन उभा राहिला, की त्याचा विचार केल्यावाचून आमची सुटका नव्हती.

नयापूल ओलांडून डावीकडे वळले की सालारजंग संग्रहालय लागते. मुंबईहून किंवा गोव्याहून पाहुणे आले की त्यांना तेथे नेण्याचे काम आमच्याकडे ठरलेले आहे. त्या संग्रहालयात संगमरवरी बुरख्याआडची रेबेका आहे, हस्तिदंती खुर्च्या आहेत, जगभरच्या कलावस्तू आहेत. तरीपण सर्वांत दाट गर्दी जमते ती एका घड्याळापुढे. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी या पेढीचे नाव असलेले हे घड्याळ. तास भरत आला की त्यातील एक चिमुकला दाढीवाला पहारेकरी दार उघडून बाहेर येतो आणि जितके वाजले असतील तितके टोले देऊन पुन्हा आत जातो. त्यासाठी समोर बैठकी मांडल्या आहेत. दुपारी बाराच्या सुमारास निरनिराळ्या दालनांत पांगलेली माणसे आपण होऊन तिकडे वळतात, बारा टोले होईपर्यंत श्वास रोखून बसतात, आणि मग हसत-बोलत पुढच्या दालनाकडे निघतात. एवढा जनसमुदाय एका जागी आणावयाचा आणि पुन्हा पांगवावयाचा, तर किती शिपाई लागले असते, किती शिट्या फुंकाव्या लागल्या असत्या, याचा हिशेब व्यवस्थापकांनीच करावा. ते काम तो वीतभर पहारेकरी बिनबोभाट करतो. त्याची वेळ ठरलेली असते, ती सर्वांस ठाऊक असते, आणि ती तो चुकवीत नाही. त्याचे सारे सामर्थ्य यातच आहे.

ही युक्ती काही घड्याळजींनी शोधून काढलेली नाही. चारमिनारजवळच्या चार कमानींपैकी पूर्वेकडची कमान, जिला आता काली कमान म्हणतात, ती एके काळी शाही नक्कारखाना म्हणून ओळखली जात असे. ज्या टेकडीवर १९७६ साली बिर्ला मंदिर उभे राहिले, तिला आजही जाणती माणसे नौबत पहाड म्हणतात. पुण्याच्या शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजावर नगारखाना आहेच. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या नक्कारखान्याचे वर्णन केले आहे, ते तर एखाद्या कचेरीचा नियमग्रंथ वाचावा तसे वाटते. नगाऱ्यांच्या सुमारे वीस जोड्या, नऊ सुरना, त्याशिवाय कर्णे, शिंगे आणि झांजा. कोणी आधी सुरू करावयाचे, कोणी मागून साथ द्यावयाची, केव्हा चढवावयाचे आणि केव्हा उतरवावयाचे, हे सारे ठरलेले. मध्यरात्री एक नौबत आणि पहाटे एक. राजवाड्याच्या भिंतीबाहेर झोपलेल्या भिश्तीलाही त्यावरून कळे की दिवस सुरू झाला.

तथापि आमच्या वाचकांना नौबतीची खरी ओळख असेल ती देवळातून. आमचे आजोळ गोव्यात, फोंड्याच्या बाजूस. तेथे सुटीत गेलो असता पहाटे आजी हाक मारी, “चौघुडो वाजलो, उठ रे पुता.” घरात घड्याळ होते, परंतु तिचा त्यावर भरवसा नसे. देवळाच्या नगारखान्यातून नगारा, सनई, सूर्त आणि कांसाळे यांचा मेळ सुरू झाला की गावातील प्रत्येकाला आपापले काम आठवे. भटजी स्नानाला निघत, फुलकार दुरड्या उचली, सैपाकघरात चुलीला जाळ लागे. पालखीच्या रात्री तर त्या वाद्यांवाचून काहीच हलत नसे. पालखी निघाली, वळली, थांबली, परतली, हे मागच्या माणसाला दिसत नसे. ते त्याला ऐकू येई. चाल बदलली की दाटलेली गर्दी आपोआप बाजूस होई. काकडारतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस सुरांनी विभागलेला आहे याचे एक कारण भक्ती हे आहेच. पण दुसरे कारण व्यवस्था हे आहे, आणि ते सांगण्यात भक्तीला कमीपणा येतो असे आम्हांस वाटत नाही. ज्यांनी ही घडी बसविली ती माणसे भाविक होती, तशीच व्यवहारीही होती.

रंगभूमीने हीच रीत देवळाकडून उचलली असावी. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. मग धूप, नांदी आणि पडदा. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चा प्रयोग केला तेव्हापासून संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला कानाने वेळ ओळखण्याची सवय लागली. नांदी सुरू झाली की बाहेर पान लावीत उभा असलेला माणूस विडा तसाच तोंडात कोंबून धावत आत येई. नांदी हे देवाचे स्तवन, पण तीच उशिरा येणाऱ्याला दिलेली शेवटची मुदत. चित्रपटगृहांतही तेच. आमच्या लहानपणी खेळापूर्वी तबकड्या वाजत आणि विशिष्ट धून लागली की आता दिवे मालवणार हे पोरासोरांनाही कळे. आकाशवाणीची सकाळची ओळखधून वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या संगीतकाराच्या नावे सांगितली जाते. ती ऐकून कितीक घरांत दुधाचे पातेले चुलीवर चढले असेल!

असो. आता आमच्यापुढे आलेल्या प्रकरणाकडे वळतो. आपल्या शहरातील एका सभागृहाच्या समितीवर आम्ही कायद्याचे सल्लागार म्हणून बसतो. तेथे मराठी नाटके होतात, कीर्तने होतात, मुलांची स्नेहसंमेलने होतात. सभागृहाची जुनीच दुखणी होती. नाटक वेळेवर सुरू होत नसे. मध्यंतरात चहाच्या खिडकीशी झालेली दाटी तिसऱ्या घंटेनंतरही मोडत नसे. प्रयोग संपल्यावर सर्वजण एकदम एकाच दाराकडे लोटत आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होत. नव्याने आलेल्या तरुण व्यवस्थापकाने एक टिपण समितीपुढे ठेवले. प्रयोगापूर्वी पाऊण तास मंद सनई. शेवटच्या पंधरा मिनिटांत जरा द्रुत वाद्यसंगीत. मध्यंतराच्या अखेरीस रोज तीच एक ओळखीची धून. आणि प्रयोगानंतर पुन्हा संथ सूर, म्हणजे माणसे घाई न करता बसल्या जागी थोडी रेंगाळतील आणि दारावरचा लोंढा विभागला जाईल. सर्व यंत्रावर बसविलेले, मिनिटामिनिटाचे. समितीने महिनाभर प्रयोग करून पाहण्यास संमती दिली. खरे सांगावयाचे तर आम्हांला त्यात फारसा अर्थ दिसत नव्हता. परंतु तिसऱ्या-चौथ्या प्रयोगापासूनच फरक जाणवू लागला. ती धून लागली की चहाचे पेले आपोआप खाली ठेवले जात. द्वारपालाला “चला, चला” असे ओरडावे लागेना.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही, हे आम्हांस पुढे वाचनाने कळले. अमेरिकेत जॉर्ज स्क्वायर नावाच्या सेनाधिकाऱ्याने तारेवरून संगीत पुरविण्याची कल्पना काढली आणि १९३४ साली त्या धंद्याला म्युझॅक हे नाव मिळाले. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पाव तास क्रमाक्रमाने चढत जाणारे संगीत आणि मग पाव तास शांतता, अशी त्यांची पद्धत पुढे प्रसिद्ध झाली. इंग्लंडात महायुद्धाच्या धामधुमीत, २३ जून १९४० पासून, बी.बी.सी.ने कारखान्यांतील कामगारांसाठी दररोज ठरल्या वेळी खास संगीताचा कार्यक्रम सुरू केला. रोनाल्ड मिलिमन या अभ्यासकाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एका मोठ्या किराणा दुकानात द्रुत आणि विलंबित संगीत आलटून पालटून वाजवून पाहिले. विलंबित संगीताच्या दिवशी गिऱ्हाइके हळू चालली आणि विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाली. १९८६ साली त्यांनीच एका उपाहारगृहात पाहिले, तो संथ संगीतात मंडळी सरासरी ५६ मिनिटे बसत आणि द्रुत संगीतात ४५ मिनिटे. म्हणजे मालकाला पदार्थ अधिक खपवावयाचे असतील तर विलंबित लय, आणि बाके लवकर रिकामी करावयाची असतील तर द्रुत!

येथे आमच्यातील वकील जागा झाला. १९९७ साली इंग्लंडातील काही संशोधकांनी एका दुकानात एके दिवशी फ्रेंच आणि एके दिवशी जर्मन संगीत लावले. ज्या देशाचे संगीत, त्या देशाची वाइन अधिक खपली. विशेष असे, की संगीतामुळे आपण ती बाटली उचलली हे बहुतेक गिऱ्हाइकांनी मान्य केले नाही. देवळातला चौघडा आणि हा प्रकार यांतील अंतर आम्हांला या ठिकाणी दिसले. चौघडा उघडपणे बोलतो. तो काय सांगतो हे गावाला ठाऊक असते, आणि ते ऐकावयाचे की कुशीवर वळून पुन्हा झोपावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. दुकानातला सूर मात्र ऐकणाऱ्याच्या नकळत त्याचा हात धरतो. करारात संमतीला जे स्थान आहे, ते येथेही असावे असे आमचे मत झाले. म्हणून समितीला आम्ही पहिली सूचना केली ती ही, की कोणत्या धुनीचा काय अर्थ, हे दारावर आणि तिकिटाच्या पाठीवर छापावे. “ही धून ऐकताच आत यावे” एवढे वाक्य पुरे. गुपचूप केलेल्या युक्तीपेक्षा सांगून केलेली खूण कमी परिणामकारक होते असे कोणी म्हणेल, तर त्याने सालारजंगमधल्या बारा टोल्यांकडे पाहावे.

दुसरी सूचना निव्वळ कायद्याची होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सभागृहात ध्वनिमुद्रिका वाजविणे म्हणजे ती जनतेपुढे सादर करणे होय. त्यात गीत आणि चाल यांचा हक्क निराळा, मुद्रणाचा हक्क निराळा. पहिल्यासाठी १९६९ साली स्थापन झालेली आय.पी.आर.एस. ही संस्था आहे आणि दुसऱ्यासाठी १९४१ पासूनची पी.पी.एल. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत, तसेच लग्नाच्या वरातीत आणि लग्नासंबंधीच्या समारंभात वाजविलेल्या संगीताला कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. देवळातील आरतीला त्यामुळे धक्का नाही. परंतु तिकीट लावून केलेल्या नाटकाच्या मध्यंतराला ही सूट मिळत नाही. आपल्याकडे पुष्कळ सज्जनांना वाटते, की तबकडी विकत घेतली म्हणजे ती चौकात वाजविण्याचाही हक्क मिळाला. पुस्तक विकत घेतल्याने ते छापण्याचा हक्क मिळत नाही, तसेच हे आहे.

आवाजाच्या मर्यादेचाही प्रश्न होताच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या सभोवार शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र सांगितले आहे. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा. उस्मानिया रुग्णालयाच्या सावलीत लहानाचे मोठे झालेल्या आम्हांला या नियमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अंतर्गत कामासाठी बंद सभागृहात रात्री दहानंतरही ध्वनिवर्धकाला मुभा आहे. पण बंद याचा अर्थ बंद. पटांगणात कर्णे टांगून आतली सनई गल्लीला ऐकविण्याचे कारण नाही.

सक्तीच्या संगीताविषयीचा एक अनुभव सर्व देशानेच घेतला आहे. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्रत्येक चित्रपटगृहात खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजवावे आणि सर्वांनी उभे राहावे. पुढे ठिकठिकाणी वाद झाले. कोण उभा राहिला आणि कोण बसला, याची प्रेक्षकच एकमेकांवर पाळत ठेवू लागले. ९ जानेवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने आदेश बदलून ते वाजविणे ऐच्छिक केले. राष्ट्रगीत लागले असता आम्ही उभे राहतो आणि पुढेही राहू. तरीही बावन्न सेकंदांच्या त्या गीताला शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याचे निमित्त केले जावे, याचे आम्हांला दुःखच झाले.

व्यवस्थेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना आम्ही शेवटी मांडली. ज्या तारेवरून सूर येतो, त्याच तारेवरून संकटाची हाकही आली पाहिजे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसे गेली. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. आपल्याच नामपल्लीच्या नुमाइशीत ३० जानेवारी २०१९ च्या रात्री आगीत कितीतरी दुकाने भस्म झाली. सुदैवाने प्राणहानी टळली. जेथे कर्ण्यावरून रात्रंदिवस काही ना काही वाजत असते, तेथे लोकांचे कान त्या आवाजाला बधिर होतात, आणि महत्त्वाची सूचनाही त्यांना आणखी एक जाहिरात वाटते. म्हणून दोन धुनींच्या मध्ये शांतता हवी, संकटाची खूण निराळी हवी, आणि ती वाजली की बाकी सर्व सूर तत्काळ बंद झाले पाहिजेत.

इतके सर्व सुरळीत पार पडले. खरा पेच पडला तो एका माणसाविषयी. सभागृहात उद्घाटनापासून एक सनईवाले काका येत असत. प्रत्येक प्रयोगापूर्वी दाराशी बसून ते वाजवीत; समिती त्यांना दर प्रयोगाचे मानधन देई. यंत्र आल्यावर एका सभासदाने सुचविले, की आता हा खर्च कशाला? आणि उदाहरण दिले देवळांचेच. आज कितीतरी देवळांत आरतीच्या वेळी विजेची मोटार नगारा बडवते आणि झांजही तीच वाजवते. कळ दाबली की नौबत. देवाला चालते, मग नाटकाला का चालू नये?

प्रश्न सोपा नव्हता. ज्या देवळात आरतीला चार माणसे मिळत नाहीत, तेथे यंत्र आणणाऱ्या विश्वस्तांना आम्ही दोष देणार नाही. परंतु समितीच्या बैठकीपूर्वी आम्ही काकांना भेटलो, आणि तुम्हांला काय वाटते असे विचारले. त्यांनी तक्रार केली नाही. सनईची पत्ती ओठांनी ओलावीत ते म्हणाले, “वकीलसाहेब, यंत्राला दम लागत नाही हे खरे. पण पायरीवर म्हातारी अडकली आहे का, हे त्याला दिसत नाही. मला दिसते. ती बसेपर्यंत मी लांबवतो.”

त्यांचे हे म्हणणे आम्ही बैठकीत जसेच्या तसे सांगितले. पालखी वळेपर्यंत चाल धरून ठेवणारा आजोळचा सनईवाला आम्हांला आठवला, आणि वेळापत्रक व वेळ या दोन गोष्टी एक नाहीत हेही उमगले. वेळापत्रक कागदावर आधी लिहिता येते. वेळ झाली की नाही, हे समोर पाहून ठरवावे लागते. नक्कारखाने उंच कमानीवर बांधीत, ते केवळ आवाज दूर जावा म्हणून नव्हे. वाजविणाऱ्याला खालचा रस्ताही दिसे. यंत्र नेमाने वाजेल, पण नजर ठेवण्याचे काम कोणा माणसाकडे असलेच पाहिजे. आणि ते काम करणाऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे. आपल्या समाजाने सनईवाल्याला मंगल प्रसंगी पुढे बसविले, पण जेवणाच्या पंक्तीत पुष्कळदा मागे ठेवले. आता यंत्राच्या निमित्ताने त्याला दारातूनही उठवावयाचे, हे आम्हांला पटेना.

बैठक लांबली. खर्चाचे आकडे मांडले गेले, थोडी गरमागरमीही झाली. शेवटी असे ठरले, की पाऊण तासाचे मंद संगीत आणि प्रयोगानंतरचे सूर यंत्राने वाजवावेत. प्रयोगापूर्वीची शेवटची दहा मिनिटे काकांची. आणि तिसरी घंटा घड्याळ पाहून न देता त्यांनी सनई खाली ठेवल्यावर द्यावी. दोन सभासदांनी विरोधी मत नोंदविले, आणि त्यांची हरकत अगदीच निराधार होती असे नाही. कारण काका सत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांच्या मुलाने सनई धरलेली नाही. त्यांच्यानंतर काय, या प्रश्नाला समितीपाशी उत्तर नाही आणि आमच्यापाशीही नाही. एखाद्या शाळकरी मुलाला त्यांच्याजवळ शिकावयास बसवावे आणि त्याचे शुल्क सभागृहाने द्यावे, असा ठराव आम्ही पुढील बैठकीसाठी पाठविला आहे. वाचकांपैकी कोणाच्या देवळात, सभागृहात किंवा कार्यालयात हाच प्रश्न उभा असेल, तर त्यांनीही यंत्राची किंमत मांडताना या शुल्काचा एक रकाना अंदाजपत्रकात अवश्य घालावा.